पसरणी घाटात चालेल अशी गाडी: एका खरेदीआधीच्या टेस्ट राइडचं प्रकरण

माझं साताऱ्यात दुचाकींचं गॅरेज आहे. गाडी घेऊन वर्षभरात विकायला निघालेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. गाडीत खोट नसते, माणसातही नसते. दोघांचं जमलेलं नसतं, एवढंच. टेस्ट राइड नीट झाली असती तर हे आधीच कळलं असतं, असं दर वेळी वाटतं. म्हणून आमच्या घरातलंच एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो.

माणूस आणि रस्ता

माझे दाजी वाईत राहतात आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवतात. वय ४७, उंची पाच फूट चार इंच, अंगाने बेताचे. रोज सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. अंतर बारा-तेरा किलोमीटरच आहे, पण तेवढ्यात सुमारे सहाशे मीटरची चढण. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात धुकं एवढं उतरतं की पुढच्या एसटीचा मागचा दिवा दिसला तरी बरं वाटतं. महिन्यातून एक-दोन वेळा ताईला मागे बसवून पाचवडमार्गे हायवेने साताऱ्याला, म्हणजे तिच्या माहेरी यायचं. लांबचा प्रवास ते एसटीनेच करतात.

जुनी गाडी २०१० ची युनिकॉर्न. जपून वापरलेली, पण आता इंजिन ऑइल खायला लागलं होतं, आणि ताई मागे असली की घाटात दम लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दाजींनी मनावर घेतलं. दसरा २ ऑक्टोबरला होता. मुहूर्ताला गाडी दारात यावी, अशी घाई सगळ्यांनाच झाली होती आणि शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती.

दाजींच्या मनात रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० होती, आणि बुलेटची ओढ तर लहानपणापासूनची. त्यांच्या वडिलांकडे बुलेट होती आणि तो आवाज त्यांच्या कानात बसला आहे. गाडी निवडताना अशा गोष्टीला मोल नाही असं मी म्हणणार नाही. रोज जिच्यावर बसायचं ती आवडायलाच हवी.

पहिली राइड: काय कळलं, काय नाही

पहिली टेस्ट राइड जशी सगळ्यांची होते तशीच झाली. लायसन्सची झेरॉक्स दिली, एका फॉर्मवर सही केली, शोरूमचा पोरगा मागे बसला, हायवेच्या सर्व्हिस रोडने सरळ पुढे, वळण मारून परत. रस्ता सपाट, ऊन कोवळं, इंजिन थंड. दाजी परत आले ते खुलूनच. "गाडी म्हणावी तर ही," एवढंच म्हणाले आणि बुकिंगचे पैसे भरायला निघाले.

मी म्हटलं, "दाजी, घाटात चालवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. मुहूर्त पाडव्यालाही आहे."

सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरमध्ये आवाज कळतो, हँडल हाताशी येतं का ते कळतं, सीट मऊ आहे की कडक ते कळतं. पण चालत्या गाडीचं वजन कळत नाही. वेग दहा-बाराच्या वर गेला की १९५ किलोची गाडीसुद्धा हलकी वाटते, कारण चालती गाडी स्वतःच तोल सावरते. वजन अंगावर येतं ते गाडी थांबते तेव्हा, ढकलावी लागते तेव्हा, आणि चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं तेव्हा. दाजींच्या रोजच्या रस्त्यावर नेमकं हेच घडतं, आणि सर्व्हिस रोडवर यातलं काहीच नसतं.

डावा पाय

या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

घाटात वर चढताना डावीकडे वळणारं केसपिनी (हेअरपिन) वळण आलं की आपण वळणाच्या आतल्या बाजूला असतो. तिथे चढ सगळ्यात खडा असतो आणि रस्ता डावीकडे, आतल्या अंगाला झुकलेला असतो. समोरून एसटी किंवा ट्रक वळण घेत असेल तर तिथेच थांबावं लागतं. गाडी मागे घसरू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवर. पुढचा ब्रेक उजव्या हातात धरता येतो, पण निघताना त्याच हाताने ॲक्सिलरेटर द्यायचा असतो, त्यामुळे भरवसा मागच्या ब्रेकवरच. म्हणजे सगळा भार डाव्या पायावर, आणि डावीकडचीच जमीन खाली गेलेली.

कंपनीच्या माहितीपत्रकात सीटची उंची असते ती सपाट जमिनीवर मोजलेली. क्लासिकची ८०५ मिलिमीटर. झुकलेल्या वळणावर तीच उंची डाव्या पायाला कितीतरी जास्त पडते. सीटची रुंदी आणखी वेगळी. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोचायला जास्त लांबी लागते. म्हणून दोन गाड्यांची सीट सारख्या उंचीची असली तरी एकीवर टाच टेकते आणि दुसरीवर चवडाच टेकतो. हे कागदावर कळत नाही, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरही कळत नाही. आणि मागे ताई बसलेली असली तर गाडी जरा कलली तरी सावरायला तो एकच पाय असतो.

राइड कुठे घ्यायची

पसरणी घाट साताऱ्याहून लांब पडतो, शोरूमवाले तिथवर गाडी देणार नाहीत. पण साताऱ्याला स्वतःचा घाट आहे. बोगद्याजवळून यवतेश्वर-कासचा रस्ता चढतो, आणि यवतेश्वरपर्यंतच्या त्या चार-पाच किलोमीटरमध्ये चढ, केसपिनी वळणं आणि खाली येताना इंजिन ब्रेकिंगची, म्हणजे ब्रेक न दाबता इंजिननेच गाडी धरून ठेवण्याची परीक्षा, असं सगळं मिळतं. पसरणीला याहून जवळचा पर्याय नाही.

एका शोरूममध्ये आधी नकार मिळाला. "ठरलेल्या रूटवरच देतो, इन्शुरन्सचा प्रश्न येतो." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. डेमोच्या काही गाड्या ट्रेड सर्टिफिकेटवर (नोंदणीआधी गाडी रस्त्यावर काढायचा डीलरचा परवाना) असतात, लाल पाटीवर पांढरी अक्षरं, आणि त्या कुठे न्यायच्या याची जबाबदारी डीलरची असते. मी मॅनेजरला सांगितलं की दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर मधल्या वारी, शोरूम उघडता उघडता येतो, पेट्रोल आमचं, तुमचा माणूस मागे बसवा. तो तयार झाला. शनिवार-रविवारी हेच मागितलं असतं तर मिळालं नसतं. वाट बघायची तयारी दाखवली आणि कशासाठी हवं ते नीट सांगितलं, तर बरेच डीलर ऐकतात.

मागे बसणारा शोरूमचा पोरगा लोकांना अडचण वाटतो. आम्हाला तो हवाच होता. साठ-पासष्ट किलोचा पिलियन, म्हणजे मागे बसणारा माणूस, आयता मिळतो.

निघायच्या आधी प्रत्येक गाडीची हवा मी स्वतः तपासली. डेमोच्या गाड्या दिवसभर कोणी ना कोणी पळवत असतं. हवा कमी, चेन ढिली, क्लचच्या लिव्हरचा फ्री प्ले (मोकळी चाल) भलताच, असं आढळतं. हवा पाच-सात पीएसआयने कमी असेल तर चांगली गाडीही वळणावर जड वाटते आणि दोष गाडीच्या माथी बसतो. किती हवा हवी ते चेनगार्डवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर छापलेलं असतं.

त्याच दिवशी सकाळी दाजींना त्यांची युनिकॉर्न घेऊन आधी यवतेश्वर चढायला लावलं. त्यांना ते उगाच वाटलं, पण मला ते सगळ्यात गरजेचं वाटत होतं. पंधरा वर्षांच्या गाडीचा क्लच, ब्रेक, वळणावरची ढब अंगात भिनलेली असते. ती ताजी असताना नवी गाडी चालवली की फरक कशात आहे ते नेमकं कळतं. नाहीतर नवी गाडी नवी आहे म्हणूनच आवडते.

क्लासिक ३५०

३४९ सीसी, २०.२ बीएचपी, ४,००० आरपीएमला २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची ओढ), वजन १९५ किलो. चढाला इंजिनने कुठेही कुरकूर केली नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस असताना, शांतपणे ओढत वर गेली. ही गाडी रस्ता धरून चालते, खड्ड्याने बिचकत नाही. नंतर ताईला बसवून पाहिलं तेव्हा तिला सगळ्यात आरामशीर सीट हीच वाटली.

मग रुंद जागा आणि मागे-पुढे मोकळा रस्ता बघून मी त्यांना एका डाव्या वळणाच्या आत थांबायला सांगितलं. मी माझ्या गाडीवर खाली थांबून येणाऱ्यांना हात दाखवत होतो. दाजींचा फक्त चवडा टेकला. एकटे असताना निघाले. पोरगा मागे बसल्यावर निघताना गाडी डावीकडे कलली, त्यांनी सावरली, पण पोटरी थरथरत होती ते मला लांबून दिसलं. दुसऱ्यांदाही तेच.

शाळेचं पार्किंग उतारावर आणि खडीचं आहे. म्हणून बंद गाडी किंचित चढावर मागे ढकलूनही पाहिली. एकट्याला जमलं, पण मोठ्या कष्टाने.

दाजी घाटावरून उतरले तेव्हा गप्प होते. पुरुष माणसाला आपली गाडी आपल्याला जड जाते हे कबूल करणं सोपं नसतं, आणि शोरूममध्ये दहा जणांसमोर तर नाहीच. म्हणून प्रत्येक राइडनंतर कोणाशीही बोलायच्या आधी कागदावर लिहायचं, असं आम्ही ठरवलं होतं. पाय, मनगट, कंबर, ब्रेक, भीती कुठे वाटली. त्या कागदावर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "डाव्या वळणावर धीर वाटला नाही."

हायनेस सीबी ३५०

शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे होंडाची हायनेस होती. ती तर थेट पसरणीतच चालवायला मिळाली. ओळखीतल्या मालकाची गाडी आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवायला मिळणं हे शोरूमच्या कुठल्याही राइडपेक्षा मोलाचं. मालक खरं बोलतो, आणि गाडी किती किलोमीटर चालली की काय वाजायला लागतं तेही कळतं. अर्थात वापरलेल्या गाडीचे टायर झिजलेले असतात, ते गृहीत धरूनच बघायचं.

वजन १८१ किलो, सीट ८०० मिलिमीटर, टॉर्क ३० न्यूटन मीटर आणि तोही ३,००० आरपीएमला. ओल्या रस्त्यावर मागचं चाक फिरू न देणारी ट्रॅक्शन कंट्रोलची सोय आहे, पाचगणीच्या पावसात ती कामाची. इंजिन फार मऊ. दाजींना गाडी मनापासून आवडली. पण तिचे गिअर लांब पल्ल्याचे आहेत. हायवेवर ते सुखाचं असतं, कारण इंजिन निवांत फिरतं. पसरणीच्या खड्या वळणांवर मागे वजन असताना दाजींना दुसऱ्यातून पहिल्यात यावं लागत होतं, आणि उतारावर इंजिनने धरून ठेवावं तर एक गिअर आणखी खाली. सवयीने जमलं असतं. त्यांच्या प्रवासात हायवे थोडा आणि घाट रोजचा, म्हणून मी या मुद्द्याला जास्त वजन दिलं. पायाचं म्हणाल तर क्लासिकपेक्षा बरं, निश्चिंत नाही.

हंटर ३५० आम्ही चालवलीच नाही. सीट ७९० मिलिमीटर, वजन १८१ किलो, दाजींना सोयीची झाली असती. पण ताई शोरूममध्येच मागे बसली आणि म्हणाली, "साडी नेसून मला यावर बसता यायचं नाही." विषय संपला.

यादीत नसलेली गाडी

टीव्हीएसची रॉनिन मी सुचवली. दाजी म्हणाले, "एवढं करून सव्वादोनशेच सीसी?"

मी त्यांना आकडे दाखवले. २२५.९ सीसीमधून २०.४ पीएस ताकद, म्हणजे क्लासिकच्या जवळपास बरोबरीची. टॉर्क कमी, १९.९३ न्यूटन मीटर, पण वजन १६० किलो. पस्तीस किलोचा फरक. सिमेंटच्या पोत्यातून पंधरा किलो काढून उरलेलं पोतं उचलून बघा, तेवढं वजन थांबलेल्या वळणावर डाव्या पायावरून कमी होतं. सीसी हा इंजिनच्या पोकळीचा आकडा आहे. घाटात गाडी किती ओढते हे टॉर्क, गिअरिंग आणि वजन मिळून ठरवतात.

यवतेश्वरला त्याच वळणावर, तोच पोरगा नसला तरी तेवढ्याच वजनाचा माणूस मागे बसवून दाजी थांबले. सीट ७९५ मिलिमीटर, पण पुढे निमुळती. अर्धा तळवा टेकला. गाडी कलली तरी सहज सावरली. निघाले, पुढच्या वळणावर मी न सांगताच पुन्हा थांबून निघाले. क्लच हलका, असिस्ट-स्लिपर पद्धतीचा. रोज घाटात शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्या डाव्या मनगटाला तो फरक लगेच कळला. उतारावर तिसऱ्यात सोडून दिली तर इंजिन धरून ठेवत होतं.

उणं काय? आवाज क्लासिकसारखा नाही, त्या आवाजाची भूक या गाडीने भागणार नाही. हायवेवर नव्वदच्या पुढे ३५० ची स्थिर चाल हिच्यात नाही. पिलियनची सीट क्लासिकपेक्षा लहान. हे सगळं कागदावर आलं.

शेवटी चालवलेली गाडी मनात जास्त ठसते, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून आणखी एका सकाळी क्रम उलटा केला, आधी रॉनिन, मग क्लासिक. त्या दिवशी रिमझिम होती, ते बरंच झालं. कागदावरचा मजकूर बदलला नाही. क्लासिकबद्दल पुन्हा तेच वाक्य होतं.

ताईचं मत

पिलियनला न बसवता फॅमिलीसाठी गाडी घेणं मला पटत नाही. ताईला दोन्ही गाड्यांवर घाटात नेलं. तिने पाहिलं ते आम्हा दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. उतारावर ब्रेक लागला की आपण पुढे सरकतो का, मागचा दांडा हाताला लागतो का, पाय ठेवायचं फूटरेस्ट फार वर आहे का, साडी गार्ड किती झाकतो. मागच्या माणसासाठी हातधरणी, फूटरेस्ट आणि चाकाचं झाकण हे मोटार वाहन नियमातच आहे, पण नियमापुरतं असणं आणि उपयोगाचं असणं यात फरक पडतो.

घरी चर्चा चालली होती. दाजी अजून क्लासिककडे झुकत होते. "होईल सवय," ते म्हणत होते. ताई म्हणाली, "सवय तुम्हाला होईल. तुमचा पाय थरथरतो ते मला मागे बसून कळतं, आणि मी घट्ट धरून बसते. मला सवय व्हायची नाही." त्यानंतर वाद राहिला नाही.

खरेदी आणि नंतर

दिवाळीच्या पाडव्याला रॉनिन दारात आली. ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, दोन्ही चाकांना) असलेली घ्यायची, यावर मी अडून बसलो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण एकाच चाकाला दिलं तरी नियम पाळला जातो. सगळ्यात स्वस्त प्रकारात ते पुढच्या चाकालाच मिळतं. ओल्या घाटात उतरताना माणूस मागचा ब्रेक जास्त वापरतो, आणि मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जायची भीती तिथेच असते. चार पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

घरी आणल्यावर क्लच-ब्रेकच्या लिव्हर दाजींच्या बोटांच्या मापाने लावल्या. मागच्या शॉकॲबसॉर्बरला सात टप्प्यांची सोय आहे. एकटे असताना एका टप्प्यावर, ताई असेल त्या दिवशी दोन टप्पे घट्ट. हे माझ्याकडे येऊन न करता दाजी आता स्वतः करतात.

काही महिने झाले. हायवेला गाडी ऐंशीच्या आसपासच बरी वाटते असं ते सांगतात, आणि वाई ते सातारा त्यांना तेवढं पुरतं. पसरणीत गर्दीच्या रविवारीही ताईला घेऊन जातात. क्लासिक समोरून गेली की मान वळते, ती वळणारच.

त्यांच्याच शाळेतले दुसरे एक शिक्षक मध्यंतरी माझ्याकडे आले. उंची पाच फूट दहा, अंगाने दणकट, शाळेच्याच आवारात राहणारे. घाट महिन्यातून दोनदा, पण सुट्टीत कोकणात आणि गोव्याला गाडीनेच जाणारे. दाजींचं ऐकून त्यांनी रॉनिन घ्यायची ठरवली होती. त्यांनाही यवतेश्वरला नेलं, तीच वळणं, तसाच कागद. त्यांचे दोन्ही पाय क्लासिकवर पूर्ण टेकत होते, आणि रॉनिनवर गुडघे वर येत होते. त्यांनी क्लासिक घेतली.